बीजक

दुकानातून मिळणाऱ्या छापील बिलाच्या माथ्यावर कधीकधी ‘कर बीजक’ असे दोन शब्द असतात. माल कोणता, किती, कोणत्या दराने, कुणी कुणाला विकला, हे त्यावर लिहिलेलं असतं. कुणीही वाचावं, अधिकाऱ्याने तपासावं, तंटा झाला तर न्यायालयात दाखवावं, यासाठीच तो कागद. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ अगदी उलट आहे. पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा सांकेतिक मजकूर, म्हणजेही बीजकच. कबीराच्या वाणीच्या संग्रहाला ‘बीजक’ म्हणतात ते या अर्थाने. एक बीजक दाखवायचं, दुसरं झाकायचं. दोघांचं मूळ एकच, बीज.

झाकायच्या बीजकाची सर्वांत गाजलेली गोष्ट ग्वाल्हेरची आहे. क्रिप्टोचलन आणि एनएफटी (डिजिटल वस्तूच्या मालकीची संगणकीय नोंद) यांवरून आज न्यायालयांत जी भांडणं चालली आहेत, त्यांचा गाभ्यातला प्रश्न म्हणजे गुपित ज्याला ठाऊक, धन त्याचंच का? तो प्रश्न शिंद्यांच्या किल्ल्यात एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता.

गंगाजळी

परकीय चलनाची गंगाजळी वाढली किंवा आटली, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. मूळ गंगाजळी म्हणजे काशीहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचं तोंड बंद केलेलं भांडं. देव्हाऱ्यात जपायचं, रोजच्या तहानेला त्याला हात लावायचा नाही. शिंद्यांनी आपल्या राखीव खजिन्याला हेच नाव दिलं. युद्ध, दुष्काळ अशा अडीनडीसाठी नाणी आणि जवाहीर किल्ल्यातल्या तळघरांत ठेवून तोंडं बुजवून टाकायची आणि वाटेची खूण बीजकात बांधायची. हे बीजक गादीवरच्या महाराजांना ठाऊक, त्यांनी ते वारसाच्या कानात सांगायचं, तिसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही. विजयाराजे शिंद्यांनी मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने लिहिलेलं आत्मचरित्र १९८५ साली निघालं. घराण्यात चालत आलेली ही हकिगत त्यातून बाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

या व्यवस्थेची पहिली परीक्षा १८५८ च्या जूनमध्ये झाली. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आले, महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले आणि शहर बंडवाल्यांच्या हाती आलं. दरबारचे खजिनदार होते मूळचे बिकानेरकडचे अमरचंद बांठिया. त्यांनी खजिना उघडून दिला आणि त्यातून सैन्याचे पगार भागले. राणी पडली, इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतलं आणि त्याच महिन्यात बांठियांना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफा बाजारात निंबाच्या झाडाला फाशी दिलं. मालक परगावी, किल्ली खजिनदाराच्या हातात आणि पैसा मागणारे दारात! इंग्रजांच्या लेखी त्यांनी केला तो द्रोह होता, गावाच्या लेखी हौतात्म्य. सराफ्यात आज त्यांचा पुतळा आहे. पण ज्याच्या हाती किल्ली असते तो मालक नसतो आणि तरी संकटाच्या घडीला निर्णय त्यालाच घ्यावा लागतो, हे त्या निंबाखाली एकदा स्पष्ट झालं.

खजिना उघडला, तरी किल्ल्यातली बुजवलेली तळघरं कुणाला सापडली नाहीत, असं सांगतात. पुढची २८ वर्षं किल्ल्यावर इंग्रजी फौज होती. आपलं धन परक्यांच्या पायाखाली आणि ते तिथे आहे हे बोलायचीही सोय नाही, अशा अवस्थेत जयाजीरावांनी ती वर्षं काढली. १८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ला परत मिळाला. तेव्हा त्यांनी काशीहून गवंडी आणवले, त्यांना गुप्ततेची शपथ घातली, काम उरकताच परत पाठवलं, अशी आठवण आहे. त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. वारस माधवराव नऊ वर्षांचे. बीजक त्यांच्या कानापर्यंत आलंच नाही.

धन कुणाचं, यावर वाद नव्हता. ते शिंद्यांचंच होतं, किल्लाही शिंद्यांचा होता. पण मालकी शाबूत असून हाती काही नाही, असा पेच पडला. मोठेपणी माधवराव शोध घेत राहिले. एका वृद्ध ज्योतिष्याने वाट दाखवायचं कबूल केलं, अट एकच, महाराजांनी एकट्याने, निःशस्त्र यायचं. अंधाऱ्या भुयारात मागे कुणीतरी आहे असा भास होऊन माधवरावांनी हातातली काठी फिरवली आणि तो घाव ज्योतिष्यालाच बसला. पुढे एकदा भुयारात पाय घसरला म्हणून त्यांनी खांबाचा आधार घेतला, तो खांब कलला आणि मागे तळघराचं तोंड उघडलं. राजघराण्याच्या आठवणी जितक्या खऱ्या धरायच्या तितकीच ही कथा खरी. पण तिच्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे कुलूप कितीही गुप्त असलं तरी त्याला फटी होत्या. गवंडी होते, ज्योतिषी होता, कलणारा खांब होता.

माधवरावांनी पुढे गुंतवणुकीची वाट धरली. टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळतं भांडवल हवं होतं, तेव्हा ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या शिंदे सरकारने घेतले. जमिनीखालच्या चांदीला जे कधी नव्हतं ते कर्जरोख्याला असतं, नोंदवहीत नाव. झाकायचं बीजक जाऊन दाखवायचं बीजक आलं.

पेठ आणि परपेठ

राजाचं धन तळघरात असे, सराफाचं धन कागदावर फिरे. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचंच लष्कर हे शहर झालं. फौजेला पगार लागतो, पगाराला सराफ लागतो. दौलतरावांचे खजिनदार गोकुळदास पारिख इतके गब्बर होते की मथुरेचं द्वारकाधीश मंदिर त्यांनी बांधलं. खुद्द बायजाबाई शिंदे, कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी आणि दौलतरावांची राणी, सावकारीत मुरलेल्या होत्या. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं आणि काशीत ठेवलेल्या त्यांच्या पैशावर वाद उठला, की ही रक्कम बाईंची खासगी की दौलतीची? पेढीच्या वहीत नाव असणं वेगळं आणि त्या नावामागे माणूस उभा आहे की राज्य, हे ठरवणं वेगळं. आज एखाद्या क्रिप्टो बाजाराने ग्राहकांची नाणी आणि स्वतःची नाणी एकाच खात्यात ठेवली की न्यायाधीशापुढे हीच गाठ येते.

या सराफांचं हत्यार होतं हुंडी. मुनीमांची मुडिया लिपी, पेढीपेढीच्या खुणा, यांमुळे हुंडीही परक्याला सहज उमगत नसे. पण गुपित एकट्याच्या डोक्यात न ठेवता त्याची सांभाळणूक कशी करायची, हे बाजाराने शोधून काढलं होतं. हुंडी वाटेत हरवली तर लिहिणारा ‘पेठ’ देई, तीही गेली तर ‘परपेठ’. प्रत्येकीत आधीचीचा उल्लेख असे, त्यामुळे एक वटली की बाकीच्या आपोआप मेल्या. वटलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत.

पैसे कुणाला द्यायचे याच्याही तऱ्हा होत्या. जो आणून दाखवील त्याला, अशी एक हुंडी. धन्यालाच, अशी दुसरी. सर्वांत शहाणी ‘शाहजोग’. तिचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या शाहूला मिळत आणि हुंडी चोरीची निघाली तर तो शाहू जबाबदार. १८८१ साली इंग्रजांनी चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा पौर्वात्य भाषांतल्या दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजांना बाधा येणार नाही, असं पहिल्याच कलमात लिहावं लागलं. रिवाज आधी होता, कायदा मागून आला.

पुरलेल्या धनासाठीही इंग्रजांनी १८७८ साली कायदा केला होता. १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कुणाचाच जुना हक्क शाबीत झाला नाही आणि सापडवणारा व जागेचा मालक यांचं आपसांत जमलं नाही, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक मालकाचा. बीजक हरवलं तरी नांगर लागतो, भिंत पडते, पाया खणताना हंडा निघतो, या अनुभवावर तो कायदा उभा होता.

बारा शब्द

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खातेवहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. इथे बीजकाचे दोन्ही अर्थ एकाच यंत्रात आले. व्यवहारांची वही जगाला उघडी, कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेलं हे कुणीही वाचावं. पण त्या पत्त्यावरचं नाणं हलवायचं तर एक प्रचंड मोठी गुप्त संख्या लागते. ही संख्या माणसाच्या ध्यानात राहणं अशक्य, म्हणून २०१३ साली एक तोडगा निघाला. २,०४८ साध्या शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द ठराविक क्रमाने लिहून ठेवायचे, त्यांतून सगळ्या किल्ल्या पुन्हा उगवतात. या शब्दमाळेला या धंद्यात ‘सीड’ म्हणतात. सीड म्हणजे बीज. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना गंगाजळीची कथा ठाऊक असायचं कारण नाही, पण शब्द घरी परत आला. आगीपासून जपायला लोक ती शब्दमाळ पोलादी पट्टीवर कोरून घेतात. म्हणजे ताम्रपटही परत आला.

आली नाही ती फट. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सने २०१३ साली सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात घालवली. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा काढून टाकला. नाणी त्याचीच आहेत हे कुणी नाकारलं नव्हतं. माधवरावांसारखीच गत, फक्त कलणारा खांब नाही.

ग्वाल्हेरची कथा जवळजवळ जशीच्या तशी घडली ती जयपुरात. ‘क्वाड्रिगा’ या कॅनडातल्या क्रिप्टो बाजाराचा तिशीतला संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये तिथे प्रवासात वारला. ग्राहकांच्या नाण्यांच्या किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, असं कंपनीने जाहीर केलं आणि सुमारे ७६,००० लोकांचे पैसे अडकले. नंतरच्या तपासात कळलं की ज्या तळघरांच्या किल्ल्या हरवल्याचा गवगवा झाला ती बरीचशी आधीच रिकामी होती. २०२० साली ओंटारिओच्या रोखे नियामकाने या सगळ्याला फसवणूक म्हटलं. बीजक हरवलं, ही सबबही होऊ शकते, हा या वंशावळीतला नवा फाटा.

कॉटनने मृत्यूच्या काही दिवस आधी मृत्युपत्र केलं होतं. त्यात मालमत्ता होती, किल्ल्या नव्हत्या. आपल्याकडे ही अडचण आणखी पक्की आहे. मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालत नाही. ते लेखी हवं, त्यावर सही आणि दोन साक्षीदार हवेत. मग त्यात बारा शब्द लिहावेत का? लिहिले तर वाचील त्याला खजिना उघडा आणि प्रोबेटसाठी कागद न्यायालयात गेला की वाचणारे वाढणार. न लिहिले तर वारसाचा हक्क शाबूत, हाती शून्य. जयाजीरावांपुढचा पेच आता मध्यमवर्गीय घरांत आला आहे. मुलगा परदेशी नोकरीला, नाणी मोबाइलमध्ये आणि आईवडिलांना त्याचा पासवर्डही ठाऊक नाही.

किल्ली कुणाची

कायद्याला आत शिरायला फट लागते. साक्षीदार, गुमास्ता, वही, पेठ, या सगळ्या फटीच. गणिताच्या कुलपाला फट नाही म्हटल्यावर भारतीय कायद्याने आधी बाहेरचं दार लावायचा प्रयत्न केला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांशी संबंध तोडायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक प्रमाणाबाहेरचं ठरवून रद्द केलं. मग कर आला. २०२२ पासून ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या करून, एनएफटीलाही तीत घेऊन, नफ्यावर ३० टक्के कर आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का करकपात लागू झाली. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायची सोय ठेवली नाही. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो बाजारांना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणलं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवा, संशयास्पद व्यवहार कळवा. ‘दाखवील त्याला’ प्रकारच्या हुंडीला सरकारने शाहजोग करायला घेतलं, असं जुना सराफ म्हणाला असता.

पण गुन्हा घडल्यावर काय? पुण्याच्या पोलिसांनी २०१८ साली ‘गेनबिटकॉइन’चा कर्ता अमित भारद्वाज याला अटक केली. दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन गोळा केल्याचं ते प्रकरण. मुख्य आरोपी २०२२ च्या जानेवारीत वारला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भावाला क्रिप्टो पाकिटांचं नाव आणि पासवर्ड सक्तवसुली संचालनालयाला द्यायला सांगितलं. इथे राज्यघटनेचं कलम २० आडवं येतं, कारण आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने भेद केला होता की बोटाचा ठसा घेणं म्हणजे साक्ष नव्हे, मनातली माहिती वदवून घेणं ही साक्ष. मग मनातले बारा शब्द? उच्च न्यायालयांचं यावर एकमत नाही. तिजोरी फोडायला वॉरंट पुरत असे, मन फोडायला कोणतं वॉरंट?

त्याच मार्चमध्ये पुणे सायबर पोलिसांनी आणखी दोघांना अटक केली. २०१८ च्या तपासात पोलिसांनीच मदतीला घेतलेले हे तांत्रिक तज्ज्ञ. जप्त पाकिटांतली काही नाणी त्यांनी आपल्याकडे वळवली, असा आरोप आहे. जप्त केलेली सोन्याची वीट मालखान्यात मोजून ठेवता येते. जप्त केलेलं बीजक मात्र ज्याने एकदा वाचलं त्याच्याकडून परत घेता येत नाही. काशीच्या गवंड्यांना शपथ का घातली होती, हे इथे उमगतं.

सरकारी कोषागारात यावर जुना उपाय आहे, दुहेरी कुलूप. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. मुंबईत सुरू झालेल्या ‘वझीरएक्स’ या क्रिप्टो बाजाराचं मोठं पाकीट तर सहा किल्ल्यांचं होतं, पाच कंपनीच्या, एक सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे. तरी १८ जुलै २०२४ रोजी त्यातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी गेली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. मग कंपनीने तोटा सगळ्या ग्राहकांत वाटायची योजना सिंगापूरच्या न्यायालयात नेली. ज्यांची नाणी चोरीला गेलीच नव्हती त्यांनीही भार का सोसायचा? अशाच एका ग्राहकाच्या अर्जावर ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की क्रिप्टोचलन हातात धरता येत नाही, ते कायदेशीर चलनही नाही, पण ती मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते. किल्ली बाजाराकडे असली तरी नाणं ग्राहकाचं, असा त्याचा रोख. बायजाबाईंना असा निकाल हवा होता.

हात न लागणाऱ्या गोष्टीला मालमत्ता म्हणण्याची वेळ ग्वाल्हेरमुळे आधीही आली होती. संस्थानिकांची मान्यता काढून तनखे थांबवणारा राष्ट्रपतींचा आदेश गंगाजळी शोधणाऱ्या माधवरावांचे नातू, दुसरे माधवराव शिंदे, यांच्या याचिकेवर १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तनखा मिळण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ता, असं बहुमताने मानलं. पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन तो हक्क संपला. मालमत्ता म्हणजे अखेर समाजाने मान्य केलेला शब्द, हे शिंद्यांच्या जयविलास महालाने तेव्हा अनुभवलं. सरकारच्या शब्दावर आमचा भरवसा नाही म्हणत जन्मलेली नाणी चोरी झाल्यावर न्यायालयाच्याच दारात का येतात, याचंही उत्तर त्यात आहे.

पडद्यामागची तान

एनएफटीत बीजकाचा शेवटचा गुंता दिसतो. इथे गुप्त किल्ली आहे, उघडी वही आहे, पण तळघरात काय आहे? बहुधा एक पत्ता, कुठल्यातरी संगणकावर ठेवलेल्या चित्राचा. चित्र सगळ्यांना दिसतं, उतरवून घेता येतं. लेखी करार नसेल तर त्याचा कॉपीराइट विकत घेणाऱ्याकडे जात नाही. ट्विटरच्या संस्थापकाचं पहिलं ट्वीट २०२१ साली एनएफटी म्हणून सुमारे २९ लाख डॉलरला गेलं. वर्षभराने फेरविक्रीच्या लिलावात सर्वांत मोठी बोली २८० डॉलरच्या आसपास आली. दुसऱ्याच्या चित्राची परस्पर एनएफटी करून विकणारेही निघाले. ती नोंद खातेवहीत कायमची राहते आणि खोटीही कायमची राहते, कारण वही फक्त व्यवहार खरा की नाही हे सांगते, विकणारा खरा की नाही हे नाही.

ग्वाल्हेरला यातलं अवघड काय ते ठाऊक आहे. दौलतरावांच्या दरबारात गवई बडे महंमद खाँ यांची तान हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या गवई भावांनी पडद्याआडून ऐकून उचलली, अशी आख्यायिका आहे. खाँसाहेबांचं काहीच कमी झालं नव्हतं, तान त्यांच्या गळ्यात होती तशीच होती. तरी ते रागावले. त्यांच्याकडून गेली ती तान नव्हती, ‘ही माझी’ म्हणायचा मान गेला होता. त्यावर गाणाऱ्यांनी जो उपाय केला तो कुलपाचा नव्हता. गंडा बांधायचा, गुरूचं नाव घेऊन कानाची पाळी धरायची, बंदिश कुणाकडून आली ते मैफिलीत सांगायचं. घराणं ही एका अर्थी उघडी खातेवहीच. फरक इतकाच की खोटी नोंद करणाऱ्याला समोर बसलेले जाणकार तिथल्या तिथे टोकत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन आले ते आपले गुरू वासुदेवबुवा जोशी यांचं नाव सोबत घेऊनच.

गंगाजळीच्या बीजकाने तेवढं मात्र केलं नाही. ते एका कानातून एकाच कानात जायचं ठरलं होतं आणि मधे मृत्यू आला. सराफांनी त्यावर पेठ शोधली, गवयांनी घराणं, सरकारने दुहेरी कुलूप. नव्या बीजकाचा अभिमान असा की त्याला यातलं काहीच लागत नाही, ना शाहू, ना साक्षीदार, ना गुरू. म्हणून मग कायदा कुलपाला सोडून माणसाला धरतो. भावाकडे पासवर्ड मागतो, बाजाराकडे ओळखपत्रं मागतो, विश्वस्त शोधतो, कर बीजक मागतो. नऊ वर्षांच्या माधवरावांना निदान मोठेपणी अंधारात चाचपडायला किल्ला तरी होता. बारा शब्द विसरलेल्या घराला भुयार नाही आणि पाय घसरला तर धरायला खांबही नाही.